कंप्युटरनं काढलेलं नाव

"मॅडम, माह्या बोलण्यात सगळ्यात जास्त नाव कोणाचं येते, सांगते का तुमचा कंप्युटर?" मैत्रिणींनी भरीस घातलं म्हणून तिनं शेगावच्या शाळेतल्या समुपदेशक मॅडमना विचारलंच. तिला आवडणाऱ्या वर्गातल्या शेखरचं निघणार, अशी साऱ्यांना खात्री.

रेकॉर्ड केलेल्या भेटींमधलं तिचं सगळं बोलणं कंप्युटरनं तपासलं. नाव निघालं दीपमाला.

"हे तं माहंच नाव आहे." तिला हसू आलं.

मॅडम हसल्या नाहीत. "कंप्युटरनं ही दीपमाला तुझ्याहून वेगळी धरली आहे. ती तुझी ताई, तुझ्या जन्माआधीच तापानं गेली. तिचे फ्रॉक तू घातलेस. तिच्यासारखे मार्क तुला पडले नाहीत की आई रडते. तुझ्याबद्दल यात फार थोडं आहे."



घरी आल्यावर ती आईबाबांना म्हणाली, "ताईचं नाव मी ताईले वापस देऊन राह्यली. मले माह्यं एक ठेवा."