वासिलोच्या नावाचे गहू

कॅफेवाल्या ख्रिसांथीने त्सिपुरोचा ग्लास झिसिसकाकांपुढे ठेवला आणि हनुवटीनेच खिडकीजवळच्या टेबलाकडे खूण केली. पाठवणारा अर्गिरिस तिथे बसला होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, दारूकडेही नाही. त्यांच्या बोटांतून माळेचे मणी सरकत राहिले.

पलीकडे पत्ते कुटणाऱ्यांचे हात थांबले. या गावात दुसऱ्याच्या टेबलावर पाठवलेला ग्लास त्याने प्यायला, की भांडण मिटलं. तसाच राहिला, की नाही मिटलं. बोलायची गरज पडत नाही.

अर्गिरिस याच गावचा. चौतीस वर्षं तो अथेन्सच्या एका वर्तमानपत्रात दर रविवारी सदर लिहीत होता, आणि बहुतेक सगळं या गावच्या माणसांवर. त्याची तीन पुस्तकंही निघाली होती. आता वर्तमानपत्राने सदर बंद करायचं ठरवलं होतं. येत्या रविवारचा लेख शेवटचा. कशावर लिहावं हे त्याला पंधरा दिवस सुचत नव्हतं. मनात राहून राहून एकच जुना लेख यायचा, म्हणून तो सकाळच्या बसने इथे आला होता.

“लेखकसाहेब,” पत्त्यांच्या टेबलावरून लांब्रोस म्हणाला, “या खेपेला कुणाचा नंबर? आधी सांगा, म्हणजे दाढी करून येतो.”

सगळे हसले. काका सोडून.

एकोणीस वर्षांपूर्वी काकांची बायको वासिलो गेली. चाळिसाव्या दिवशी मृताच्या नावाने उकडलेल्या गव्हाचं ताट चर्चमध्ये ठेवतात. वर पिठीसाखरेचा जाड थर, त्यावर चांदीच्या गोळ्यांचा क्रूस. हे ताट शेजारपाजारच्या बायका करतात. काकांनी एकीलाही उंबरा ओलांडू दिला नाही. सगळं एकट्याने केलं, पण गहू नीट वाळवले नाहीत. पाद्रीबाबांची प्रार्थना संपेपर्यंत साखर विरघळली आणि सबंध क्रूस हळूहळू घसरत ताटाच्या काठाशी आला. अर्गिरिसने त्यावर लिहिलं. लेख फार छान जमला होता. सगळं अथेन्स हसलं. तेव्हापासून काका त्याच्याशी बोलले नव्हते.

ग्लास अजून तसाच होता. अर्गिरिस उठला, आपली कॉफी घेऊन काकांच्या टेबलाशी गेला आणि उभाच राहिला. तो लेख लिहायला नको होता, असं म्हणाला. तेव्हा मी तरुण होतो, असंही म्हणणार होता. पण तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. मग त्याने विचारलं, “काका, एक तेव्हाच विचारायला हवं होतं. तुम्ही ते ताट बायकांना का करू दिलं नाही?”

मणी थांबले.

“वासिलो भटक्या मेंढपाळांची पोर. तंबूत जन्मलेली,” काका म्हणाले. “बेचाळीस वर्षं या गावात नांदली. दर सणाला गोड पाव भाजून घरोघर पाठवायची. ताट धुऊन परत यायचं, आणि पाव त्यांच्या कोंबड्यांपुढे पडलेला दिसायचा. ती मेल्यावर यांच्या हातचं तिला कशाला?”

ख्रिसांथी कप पुसत होती. त्या बायकांत तिची आईही होती. तोच कप ती पुन्हा पुसू लागली.

अर्गिरिसचा हात आपोआप पेनाकडे गेला. हे लिहिलं तर शेवटच्या रविवारी लोक त्याचा लेख कापून ठेवतील, हे त्याला कळत होतं. काकांनी तो हात पाहिला.

“लिहू का?”

“नको.”

“लोकांना खरं काय ते कळेल, काका.”

“ज्यांना कळायला हवं होतं, त्या सगळ्या वर टेकडीवर निजल्यात. एकदा लिहिलंस, तेवढं पुरे.”

अर्गिरिसने पेन कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि वरचं बटण लावलं. शेवटचा लेख हवापाण्यावर लिहीन, म्हणाला.

“लिही की. यंदा बर्फ फार कमी पडलं,” काका म्हणाले आणि पायाने खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

तो बसला. काकांनी खिशातून कागदाची पांढरी पुडी काढून टेबलावर ठेवली. आज मृतांचा शनिवार होता, घरोघरच्या मृतांच्या नावाने गहू वाटायचा. सकाळी चर्चमधून येताना प्रत्येकाच्या हातात अशी एक पुडी होती.

“उघड.”

आत गहू होते. साखर कोरडी, पांढरीशुभ्र.

“तुझ्या लेखानंतर मला एकसष्ट पत्रं आली,” काका म्हणाले. “सगळ्या बाया मला शिकवायला बसलेल्या. एकीने तर लग्नाचंच विचारलं. त्यातल्या एका म्हातारीचं बरोबर निघालं. गहू रात्रभर चादरीवर पसरायचे, आणि दोनदा उठून उलटायचे. दर वर्षी उठतो.”

अर्गिरिसने चिमूटभर गहू तोंडात टाकले. दाणा न् दाणा सुटा होता. हे गहू खाताना जे म्हणतात, तेच तो म्हणाला.

“देव तिला क्षमा करो.”

“तिला कशाची?” काका म्हणाले, आणि त्यांनी ग्लास उचलला.