मीनाताई

मोबाईलवरच्या ‘स्वीकारा’ या बटणावर वत्सलाचं बोट टेकत नव्हतं.

मालिकेतल्या नायिकेने नवऱ्याला माफ करावं की नाही, यावरून चाहत्यांच्या ग्रुपची चार वर्षांपूर्वी दोन शकलं झाली होती. एकाची ॲडमिन वत्सला, दुसऱ्याची तिची जिवाभावाची मैत्रीण हेमलता. तेव्हापासून अबोला. तिकडे काय शिजतंय ते कळावं म्हणून वत्सला नव्या नंबरवरून, ‘मीना’ या खोट्या नावाने हेमलताच्या ग्रुपमध्ये शिरली, आणि संशय नको म्हणून सगळ्यांची विचारपूस करता करता तिथली लाडकी होऊन बसली.

आता हेमलताचा निरोप समोर होता. “मीनाताई, उद्या माझं ऑपरेशन आहे. ग्रुप तुमच्या हवाली करतेय, ‘स्वीकारा’ दाबा म्हणजे ॲडमिन व्हाल. वत्सलाला इकडे फिरकू देऊ नका.”

वत्सलाने लिहिलं, “हेमा, मीच वत्सला.”

मग फोन थरथरला.

“नायिकेची पैठणी नकली आहे, असं पहिल्याच दिवशी लिहिलंस, तेव्हाच ओळखलं. इतकं बारीक दुसरं कोण बघतं? चार वर्षं वाट बघायला लावलीस. दाब आता ते बटण.”