बारा ग्रॅम

"नाही वहिनी, ही सायकल म्या नाही नेत," रत्नपाल म्हणाला.

विवेकला जाऊन दोन वर्षं झाली होती. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, खीर वाटून झाली, आणि विवेकची बायको अल्का आतल्या खोलीतून त्याची सायकल घेऊन आली. गेलेल्याची आवडती वस्तू त्याच्या जिवलगाला द्यायची, ही त्यांच्या घरची रीत. मांडवात बसलेल्यांनी माना डोलावल्या.

"काऊन नाही?" अल्का म्हणाली. "त्यायचा जीव होता हिच्यात. तुमच्याबिगर कोण चालवन हिले?"

सगळ्यांसमोर काय बोलणार? रत्नपालनं हँडल धरलं.

देवरीत रत्नपाल आणि विवेकला सायकलवेडे म्हणत आणि ते खोटं नव्हतं. दोघांच्याही सायकली रायपूरहून आणलेल्या, ॲल्युमिनियमच्या, दोन बोटांवर उचलता येतील अशा. एवढ्यानं त्यांचं समाधान होत नसे. रत्नपाल पोस्टमास्तर होता. टपालाचं काम संपलं की पार्सलच्या काट्यावर सायकलचा एकेक भाग चढायचा. सीट, पेडल, ब्रेक, अगदी चेनच्या कड्यासुद्धा. आकडे वहीत लिहायचे आणि कुठून काय कमी करता येईल यावर तासभर वाद घालायचा. दोघांच्या पोटांवरचे चार-चार किलो मात्र त्या वहीत कुणी कधी लिहिले नाहीत.

शेवटची नोंद रत्नपालच्या अक्षरात होती. हँडलला घट्ट धरून ठेवणाऱ्या तुकड्यात चार बोल्ट असतात. मूळचे लोखंडी, चारही मिळून अठरा ग्रॅमचे. त्यानं ॲल्युमिनियमचे काळे बोल्ट मागवले, सहा ग्रॅमचे, आणि स्वतःच्या हातानं विवेकच्या सायकलला बसवले. बारा ग्रॅम वाचले.

"धरतीन ना बे?" विवेकनं विचारलं होतं.

"माह्यावर सोड," रत्नपाल म्हणाला होता.

पाचव्या दिवशी सकाळी कोहमारा गावाच्या अलीकडच्या उतारावर विवेक पडला. ट्रकनं उडवलं, असं लोक म्हणाले. ट्रक कुणी पाहिला नव्हता.

सायकल पोलीस ठाण्यात गेली. पुढे अल्कानं ती सोडवून आणली आणि चादरीखाली झाकून ठेवली. रत्नपाल त्या घरी कितीदा तरी गेला. विवेकच्या मुलीच्या शाळेची कामं केली, अल्काच्या अंगणवाडीचे कागद भरून दिले. पण ती चादर उचलायची हिंमत त्याला झाली नाही. बोल्ट तुटलेले दिसले तर? या एका प्रश्नानं त्याचं आयुष्य पोखरलं होतं. त्यानं स्वतःची सायकल विकून टाकली. तरी उतार लागला की कानामागे 'टक्' असा बारीक आवाज यायचा. बसमध्ये यायचा, स्कूटरवर यायचा. एकदा तर सासुरवाडीच्या जिन्यावरून उतरताना आला आणि तो कठडा धरून तिथेच बसून राहिला. बायकोला वाटलं, चक्कर आली.

आणि आता ती सायकल त्याच्याच हातात होती.

दुसऱ्या दिवशी पोस्ट बंद झाल्यावर त्यानं ती काट्याजवळ उभी केली. पुढचं चाक वाकलेलं होतं. हँडलची पट्टी एका बाजूनं खरवडून निघाली होती, तिच्यात अजून रस्त्याची खडी रुतलेली होती. त्याला भडभडून आलं. बराच वेळ तो हँडलच्या मधोमध बघायचं टाळत राहिला. मग डोळे मिटून त्यानं तिथे बोट फिरवलं.

चारही बोल्ट जागेवर होते. काळे, घट्ट, अखंड.

त्याचा विश्वास बसेना. त्यानं पाना लावून एकेक बोल्ट काढला आणि चारही काट्यावर ठेवले. आकडा दोनदा हलला आणि थांबला. अठरा.

पुन्हा ठेवले. अठराच.

लोखंडी होते. म्हणजे विवेकनं त्याचे बोल्ट काढून टाकले होते. अल्का नेहमी कुरकुर करायची, "एवढी हलकी कायले पाहिजे?" तिचं ऐकलं असेल पठ्ठ्यानं, आणि आपण चिडू म्हणून सांगितलं नसेल. रत्नपाल स्टुलावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. खरंच ट्रक असेल. कुत्रं आडवं आलं असेल. काहीही असेल, ते बारा ग्रॅम नव्हते.

तो तसाच अल्काच्या घरी गेला. ती ओसरीवर बसून भाजी निवडत होती.

"वहिनी, दोन वर्षं एक गोष्ट मनात ठेवून जगून राहिलो," तो म्हणाला, आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. बोल्ट, वही, "माह्यावर सोड", तो आवाज. "मले वाटे म्याच मारलं त्याले. आज खोलून पाहिलं. लोखंडाचे निंगाले. एकही तुटला नाही. त्यानं बदलवले होते, वहिनी."

अल्कानं हातातली जुडी खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले होते.

"चांगलं झालं, भाऊजी," ती म्हणाली. "घरी जा आता. निवांत झोपा."

तो उठला. पायरीपर्यंत गेला. आज पहिल्यांदा त्याला हलकं वाटत होतं. मग तो सहज वळला.

"वहिनी, त्यानं कवा बदलवले, तुमाले मालूम हाय काय?"

अल्का पदरानं डोळे पुसत होती. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"त्यायनं नाही," ती म्हणाली. "ठाण्यातून सायकल आली तवा हँडल अलग पोत्यात होतं, भाऊजी. ते बोल्ट म्या गोंदियाहून आणून लावले."