बेसुरीचा दुसरा आल्बम

"कितीदा बेल वाजवली, बाबा! शेवटी दार ढकलून आले."

"बेल बिघडलीय," बाबा खुर्चीतून उठत म्हणाले. "आणि बोलताना इकडे बघ. त्या नव्या गायकांसारखी तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागलीस तूही."

मुलीने पिशवी टेबलावर ठेवली. पिशवीत तिच्या बँडचा दुसरा आल्बम होता. पहिला तिने दोन वर्षांपूर्वी पोस्टाने पाठवला होता. त्यावर बाबांनी चकार शब्द काढला नव्हता. ती फोन करत राहिली, ते उचलेनात. बाबांच्या शिव्या तिने लहानपणापासून खाल्ल्या होत्या, त्या पचायच्या. हे गप्प बसणं मात्र घशात हाडासारखं अडकून राहिलं होतं. हाही आल्बम त्यांना रुचला नाही तर गिटार विकून टाकायची, असं ती मनाशी ठरवूनच आली होती.

बाबांचा जन्म कारखान्यात लेथ यंत्राच्या खडखडाटात उभं राहण्यात गेला. हौस एकच, रेकॉर्डची. त्याही कुणाला ठाऊक नसलेल्या, तळघरात वाजवणाऱ्या रॉक बँडच्या. भिंतभर कपाट त्यांनी भरलं होतं. एखादा बँड नावारूपाला आला की बाबांच्या लेखी तो मेला.

"हे बघ," एक जुनं कव्हर काढून ते म्हणाले, "ह्यांचा पहिला आल्बम. तळघराची ओल आहे ह्यात, जीव आहे. दुसऱ्याला महागडा स्टुडिओ मिळाला, तर गाणी धुऊन इस्त्री करून आणली! तिसरा काढण्यापेक्षा लाँड्री काढायची होती."

ती हसली आणि तिने पिशवी जवळ ओढली. "माझाही दुसराच आहे, बाबा."

"आण इकडे, बेसुरे."

हे तिचं घरातलं नाव. कितीतरी दिवसांनी कानावर पडलं.

बाबांनी तबकडी कव्हरातून काढली, खिडकीपाशी नेली आणि उजेडात तिरपी धरली. त्यांची जुनी सवय. आवाज चढला की रेघा भुरकट दिसतात, उतरला की काळ्याभोर, आणि गाणं लांब तितका त्याचा पट्टा रुंद, हे त्यांनीच तिला लहानपणी दाखवलं होतं. आज मात्र ते तिथे जरा जास्तच वेळ उभे राहिले. मग रेकॉर्ड तिच्या हातात देऊन खुर्चीत जाऊन बसले.

"लाव."

प्लेअर कोपऱ्यातल्या उंच कपाटावर होता. तिने टाचा उंचावून रेकॉर्ड ठेवली, बटण दाबलं. तबकडी फिरू लागली. सुईच्या दांडीला हात घातला. तिने मागे वळून पाहिलं. बाबांनी डोळे मिटून एक बोट वर धरलं होतं. आल्बम ऐकताना बोलायचं नाही, हा घरचा नियम. त्यांची मान डोलायला लागली होती.

तिने हात काढून घेतला आणि त्यांच्यासमोर स्टुलावर येऊन बसली.

बाबा मांडीवर बोटांनी ताल धरत होते. मधेच एक डोळा किलकिला करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. ते तिने पाहिलं. एकदा वाटलं, उठून निघून जावं. पण ती बसून राहिली, बाबांच्या डोलणाऱ्या मानेकडे बघत.

शेवटी त्यांनी डोळे उघडले. "संपली ना ही बाजू?"

"संपली," ती त्यांना ओठ दिसतील असं तोंड समोर धरून म्हणाली.

"दुसरं गाणं लांबलंय. कात्री लावायला हवी होती." बाबा पुढे सरकले. "तिसऱ्यात मधेच सगळे गप्प होता आणि मग एकदम तुटून पडता, ते झकास. उगाच चकचकीत केलं नाहीस, हे फार बरं केलंस."

"आणि माझा आवाज?"

बाबांनी कपाटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तुझ्या आईचा लागलाय," ते म्हणाले. "हुबेहूब."

तिने ओठ घट्ट मिटले, तरी डोळ्यांनी दगा दिलाच.

"रडतेस काय, वेडे? आवडलं म्हणतोय मी!"

"मग पहिल्याबद्दल का नाही बोललात, बाबा?"

बाबा गुडघे चोळू लागले. "तो फार उशिरा पोचला गं," ते म्हणाले. "थोडा आधी यायला हवा होता." मग हात झटकून म्हणाले, "जाऊ दे ते. दुसरी बाजू लाव."

ती उठली. बाहीने डोळे पुसले. तबकडी थांबवून उलटी केली आणि पुन्हा फिरू दिली. मग, मघासारखीच सुई तबकडीला न टेकवता तिच्या खुंटीवरच राहू देऊन, ती बाबांच्या शेजारी येऊन बसली आणि तिनेही डोळे मिटून मान डोलवायला सुरुवात केली.