भुवईवरची खूण

"आल्या, आल्या! गाडी फाटकात आली!" मालक ओरडले आणि बाहुल्यांच्या कारखान्यात एकच धांदल उडाली.

ताईसाहेब निवडून आल्याला चारच दिवस झाले होते. त्यांच्याच चेहऱ्याच्या दोन हजार बाहुल्यांची ऑर्डर मिळायची, तर नमुना त्यांना स्वतःला पसंत पडायला हवा होता. नाही पडला, तर हातानं रंगवणं बंद, यापुढे छापील चेहरे, असं मालकांनी सांगूनच टाकलं होतं. म्हणजे चेहरे रंगवणाऱ्या बाईनं घरीच बसायचं.

मालकांनी वीतभर बाहुली एकदा शेवटची उचलून पाहिली आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. "अहो बाई, भुवईवर हे काय? ताईसाहेबांच्या पोस्टरवर कुठाय ही खूण?"

बाईनं वाकून पाहिलं. खूण होतीच. पोस्टर समोर ठेवून रंगवायचं, हा इथला नियम. पण हातानं घोळ घातला होता. हाताला ती खूण ठाऊक होती. नसायला काय झालं! चाळीस वर्षांपूर्वी शाळेच्या झोपाळ्यावरून ताईसाहेबांना ढकलून हिनंच तर ती दिली होती. पण हे कारखान्यात सांगायची सोय होती का? हसून हसून मेले असते सगळे.

"रंग लावून झाकते," ती म्हणाली.

"आता? आणि ओला रंग त्यांच्या बोटांना लागला म्हणजे?"

तोवर ताईसाहेब आत. मागे पी.ए. त्यांनी बाहुली हातात घेतली, चष्मा सावरला आणि बघतच राहिल्या.

"चूक झालीय, ताईसाहेब," पी.ए.नं लगेच नाक खुपसलं. "काढून टाकतील."

ताईसाहेबांनी पर्समधून रुमाल काढला आणि स्वतःच्या भुवईवरची पावडर खसाखसा पुसली. खाली तीच खूण, अगदी तश्शी.

"कुणी रंगवलं हे?"

मालकांनी बाईकडे बोट दाखवलं. ताईसाहेब तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय गं, त्या दिवशी झोपाळ्यावर नंबर कुणाचा होता?"

"माझा!" बाईच्या तोंडून निघूनच गेलं.

"खोटारडी! अजून तेच!" ताईसाहेब हसायला लागल्या त्या थांबेचनात. डोळ्यांना पाणी आलं. "लिहून घ्या हो, दोन हजार. खुणेसकट!"

मालकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. बाईनं बारीक ब्रश उचलला, रंगात बुडवला.

"नंबर माझाच होता," ती म्हणाली.