ठकूची हाक

सातव्या दालनाबाहेर कुसुमताई धाकट्या बहिणीचा हात घट्ट धरून उभ्या होत्या. त्या बहिणीची, शिल्पकार हेमलता तांडेलची, चाळीस वर्षांची शिल्पं आज पहिल्यांदाच एका छपराखाली मांडली होती. प्रत्येक शिल्पात तिनं आपली एक आठवण ओतली होती. शिल्पाच्या पोकळीत शिरणाऱ्याला ती कायमची मिळायची. हेमलताकडे मात्र ती उरत नसे.

“आत काय आहे हो?” हेमलतानं विचारलं. सख्ख्या ताईला ती आता अहो-जाहो करायची.

“आई आहे. मासळी वाळत घालता घालता तुला हाक मारते, ‘ठकू, जेवायला ये गं.’”

“ठकू कोण?”

शिल्पातून लोक डोळे पुसत बाहेर येत होते. आई आमची, आणि रडतायत हे, कुसुमताईंच्या मनात आलं. रुमाल शोधायला त्यांनी क्षणभर हात सोडला, तेवढ्यात हेमलता गर्दीत शिरली.

“हेमा! अगं हेमा!”

ती थांबली नाही. पुढे रस्त्यावरचं दार सताड उघडं होतं. मग कुसुमताई जिवाच्या आकांतानं, थेट आईच्या सुरात ओरडल्या, “ठकू!”

शिल्पातून आलेले सगळेच्या सगळे गर्रकन वळले. बायका वळल्या, म्हातारे वळले, मिशीवाले बाप्येही वळले, आणि एका आवाजात म्हणाले, “आले गं!”

त्या वळलेल्या चेहऱ्यांपलीकडे हेमलताची पाठ तेवढी दाराबाहेर जाताना दिसली.