गेटाबाहेर दोघी

"नाव सांगा हो, नुसतं नाव," कृष्णवेणीनं चौथ्यांदा विचारलं.

"ऑर्डर नाही. इरी अम्मा, थांबा जरा," वॉचमन म्हणाला आणि त्यानं केबिनची खिडकी लावून घेतली.

कडकोळच्या सांबार मसाल्याच्या कारखान्यात दुपारी दोन कामगारांची मारामारी झाली होती. एकाला बेशुद्ध अवस्थेत इस्पितळात नेलं होतं. कोणाला, ते कोणी सांगत नव्हतं. फोन मात्र दोन घरी गेले होते. पॅकिंगवरच्या नरसिंगरावांच्या, म्हणजे कृष्णवेणीच्या घरी, आणि त्यांच्याच मशीनवरच्या चिदंबरच्या घरी.

चिदंबरची बायको नागरत्ना बाकावर बसून होती. कृष्णवेणीला बसवत नव्हतं. ती गेटापर्यंत जाई, परत येई. अर्धवट शिवलेला ब्लाउज मशीनवर तसाच टाकून ती धावत आली होती. मिरचीच्या खकाण्यानं डोळे चुरचुरत होते. विठ्ठला, आमचे हे नकोत, हे नकोत, असं ती पुटपुटत होती. हे नकोत म्हणजे मग कोण, हे ध्यानात आलं तेव्हा तिला नागरत्नाकडे बघवेना.

"अक्का, भावोजींवर कोण हात उचलेल?" नागरत्नाच तिला धीर देत म्हणाली. "कधी कोणाला मोठ्यानं बोलले नाहीत ते."

ते खरंच होतं. नरसिंगराव बोलताना अडखळत. म्हणून फारसं बोलतच नसत.

ऑफिसातले श्रीनिवासराव बाहेर आले.

"कृष्णवेणीबाई, तुमचे यजमान ठीक आहेत. खरचटलंसुद्धा नाही."

ती मटकन खाली बसली. नागरत्ना उठून उभी राहिली. तिला न विचारताच कळलं होतं.

"चिदंबरच्या डोक्याला मार आहे. डॉक्टर बघतायत." श्रीनिवासरावांचा आवाज खाली आला. "मशीनचा पाना घातला. नरसिंगरावांनी. पोलीस आत आहेत."

"खोटं!" नागरत्ना ओरडली. "आठ वर्षं शेजारी बसून जेवतात दोघं. भावोजी असं का करतील?"

"चिदंबर त्यांच्या बोलण्याची नक्कल करायचा. रोज, सगळ्यांसमोर. ते मुकाट ऐकून घ्यायचे. आजच काय झालं, कुणाला कळत नाही."

नागरत्नासाठी गाडी मागवायला ते आत गेले. कृष्णवेणी जमिनीवरून उठली.

"मला कळतंय," ती म्हणाली. "सकाळी निघताना मीच बोलले त्यांना. आज त्या चिदंबरचं तोंड बंद करून या, नाहीतर घरी येऊ नका."